सॉफ्टवेअरमध्ये बर्फ वितळवणं इतकं अवघड का जातं?

प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीकरणासाठी निघताना नर्सताईंच्या हातात एक छोटा डबा असतो, व्हॅक्सिन कॅरिअर. त्यात चारही बाजूंना चार आइस पॅक बसवलेले असतात. हे पॅक डीप फ्रीझरमधून काढले की लगेच डब्यात भरायचे नाहीत, असा नियम आहे. ते बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे, अधूनमधून हलवून बघायचे आणि आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच डब्यात ठेवायचे. याला कंडिशनिंग म्हणतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बी सारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात, आणि उणे २० अंशांवरचा पॅक त्यांना आरामात गोठवू शकतो.

मला हा नियम फार आवडतो, कारण इथे तापमान चक्क कानाने मोजलं जातं. पॅकमधून पाण्याचा आवाज आला, म्हणजे आत बर्फ आणि पाणी एकत्र आहे. बर्फ आणि पाणी एकत्र आहे, म्हणजे तापमान शून्य अंश आहे, उणे काही नाही. आणि आतला शेवटचा बर्फ वितळेपर्यंत ते साधारण शून्यावरच राहणार आहे. बाहेरून उष्णता येत राहील, पण थर्मामीटर हलणार नाही.

मी थर्मल सिम्युलेशनच्या सॉल्व्हर कोडवर काम करते. म्हणजे एखादी वस्तू किती वेळात किती तापेल किंवा थंड होईल, याचं गणित कॉम्प्युटरकडून करून घेणाऱ्या प्रोग्रॅमचा आतला भाग. वितळणाऱ्या पदार्थांचं, ज्यांना आमच्याकडे फेज चेंज मटेरियल किंवा नुसतं पीसीएम म्हणतात, सिम्युलेशन करायला हल्ली बरेच जण घेतात: बॅटरी पॅकमध्ये मेण, भिंतीत मेणाच्या गोळ्या, औषधांच्या पेटीत जेल पॅक. आणि त्या 'थर्मामीटर हलणार नाही' या एका वाक्यावर सॉफ्टवेअर हमखास अडखळतं. अडखळलं तर निदान एरर यावी ना? तसंही होत नाही. छान गुळगुळीत आलेख येतो. तो बघून कुणालाच शंका येत नाही.

कसं ते आकड्यांत बघू.

हिशेब आधी कागदावर

डब्यात ४०० ग्रॅमचे चार पॅक धरू, म्हणजे १.६ किलो पाणी. बर्फाला एक अंश तापवायला किलोमागे साधारण २.१ किलोज्यूल लागतात, पाण्याला ४.२. आणि शून्य अंशांच्या बर्फाचं शून्य अंशांचंच पाणी करायला किलोमागे ३३४ किलोज्यूल. शाळेच्या पुस्तकातला 'अप्रकट उष्मा' तो हाच. जुन्या पुस्तकांत त्याला सुप्त उष्णता म्हणायचे, आणि आकडा ग्रॅमला ८० कॅलरी असा पाठ करायला लागायचा.

आता पॅक उणे २० पासून ८ अंशांपर्यंत न्यायला किती उष्णता लागेल? उणे २० ते शून्य: ६७ किलोज्यूल. वितळण्यासाठी: ५३४ किलोज्यूल. शून्य ते ८: ५४ किलोज्यूल. एकूण ६५५. म्हणजे पाचातले चार भाग उष्णता जिथे खर्च होते, तिथे तापमान अजिबात बदलत नाही.

बाहेर ४३ अंशांचा उन्हाळा असेल तर अशा छोट्या, जाड फोमच्या डब्यात आत शिरणारी उष्णता ढोबळमानाने ६ वॅट धरता येते. प्रत्यक्षात ती आतल्या तापमानाप्रमाणे थोडी बदलते, पण सोपं ठेवण्यासाठी कायम ६ वॅटच धरू. ६ वॅट म्हणजे सेकंदाला ६ ज्यूल. ६५५ किलोज्यूल भरायला लागतील १ लाख ९ हजार सेकंद, म्हणजे ३० तास २० मिनिटं. हे आपलं कागदावरचं उत्तर. यात काही वादच नाही, साधा भागाकार आहे.

आता हेच सॉफ्टवेअरच्या पद्धतीने करू.

उडी मारून पलीकडे

बहुतेक थर्मल प्रोग्रॅमचा स्वभाव असा: प्रत्येक ठिकाणचं तापमान माहीत आहे, आत किती उष्णता आली ते माहीत आहे, पदार्थाची उष्माधारकता माहीत आहे. मग उष्णतेला उष्माधारकतेने भागलं की तापमान किती वाढलं ते मिळतं. असं थोड्या थोड्या वेळाने, म्हणजे एका टाइम स्टेपनंतर दुसरी टाइम स्टेप, पुढे जायचं.

वितळताना अडचण अशी की तापमान वाढतच नाही, म्हणजे उष्माधारकता अनंत झाली. कॉम्प्युटरला अनंताने भागता येत नाही. यावरचा जुना आणि लोकप्रिय उपाय म्हणजे 'अ‍ॅपरंट हीट कपॅसिटी'. बर्फ बरोब्बर शून्यावर वितळतो असं न म्हणता तो उणे ०.२५ ते अधिक ०.२५ अंश या अर्ध्या अंशाच्या खिडकीत वितळतो असं म्हणायचं, आणि ते ३३४ किलोज्यूल त्या खिडकीत पसरून टाकायचे. मग उष्माधारकता अनंत नसते, फक्त त्या खिडकीपुरती प्रचंड मोठी असते. कल्पना चांगली आहे. अनेक नावाजलेल्या पॅकेजमध्ये हीच पद्धत आहे आणि नीट वापरली तर ती चालतेही.

पण नीट वापरली तर. मी वरचाच डबा घेतला आणि अगदी साधा, पुढे पुढे पाऊल टाकत जाणारा प्रोग्रॅम लिहिला. जेमतेम वीस ओळी. टाइम स्टेप ठेवली १० मिनिटांची. तीस तासांच्या गोष्टीसाठी १० मिनिटं काही फार वाटत नाहीत, बरोबर? प्रत्येक पावलाला ३.६ किलोज्यूल आत येतात, आणि त्यामुळे बर्फ १.०७ अंशांनी तापतो. अठराव्या पावलाला पॅक होता उणे ०.७१ वर. एकोणिसाव्या पावलाला अधिक ०.३६ वर.

खिडकी कुठे होती? उणे ०.२५ ते अधिक ०.२५. प्रोग्रॅमने तिच्यावरून उडी मारली! पलीकडे गेल्यावर त्याच्या दृष्टीने ते पाणी, पुढचा हिशेब पाण्याचा. पॅक ८ अंशांना पोचला ५ तास ४० मिनिटांत. ५३४ किलोज्यूल कुठे गेले, हे विचारणारं कुणीच नाही.

पुढची गंमत बघा. तोच प्रोग्रॅम उणे २० ऐवजी उणे १८ पासून सुरू केला. या वेळी सतरावं पाऊल योगायोगाने खिडकीच्या अगदी शेवटच्या टोकावर, ०.२१ अंशांवर पडलं. त्यामुळे अप्रकट उष्म्यातला जेमतेम ७ टक्के भाग हिशेबात आला, आणि उत्तर आलं ७ तास १० मिनिटं. म्हणजे कमी गार पॅक जास्त वेळ टिकला. हे उत्तर एखाद्या रिपोर्टमध्ये तक्त्यात बसलेलं असेल तर वाचणारा त्याला काहीतरी 'नवल' म्हणून कारणही शोधून देईल.

मग टाइम स्टेप १ मिनिटाची केली. उत्तर २६ तास ५० मिनिटं. हे तर अगदी पटण्यासारखं दिसतं, पण अजून साडेतीन तास कमीच आहे, कारण खिडकीत शिरतानाच्या पहिल्या पावलात तिचा काही भाग हुकला. मला विचाराल तर ५ तास ४० मिनिटं हे उत्तर बरं. ते इतकं वेडगळ आहे की कुणीतरी ओरडेल. २६ तास ५० मिनिटं कुणीही सही करून पुढे पाठवेल.

'आम्ही इम्प्लिसिट सॉल्व्हर वापरतो, आम्हाला काय त्याचं' असं कुणी म्हणेल. इम्प्लिसिट पद्धतीत पावलाच्या शेवटचं तापमान गृहीत धरून, पुन्हा पुन्हा दुरुस्त करत उत्तर शोधतात. तिथे रोग तोच, लक्षणं वेगळी. पहिला अंदाज खिडकीच्या अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे, तिसरा परत अलीकडे. कधी सॉल्व्हर थकून थांबतो, ते बरं. कधी दोन्ही टोकांमधलं काहीतरी स्वीकारून पुढे जातो.

मग खिडकीच रुंद केली तर? अर्ध्याऐवजी पाच अंशांची, उणे २.५ ते अधिक २.५. गणित लगेच सुरळीत चालतं आणि एकूण तासही ठीक येतात, म्हणून हा उपाय भलताच प्रिय आहे. पण आपला मूळ प्रश्न आठवा. लस गोठेल का, हे बघायचं होतं. रुंद खिडकीत पाव भाग वितळलेला पॅक सॉफ्टवेअरला उणे सव्वा अंशाचा दिसतो. खरा पॅक त्या वेळी शून्यावर असतो, आणि नर्सताईंना आवाजही आलेला असतो. म्हणजे ज्या एक-दोन अंशांवर सगळा निर्णय आहे, तेच आपण पुसून टाकले.

तापमान नव्हे, एन्थाल्पी

खरा उपाय जुनाच आहे आणि आश्चर्य वाटावं इतका सोपा. तापमानाचा हिशेब ठेवूच नका. उष्णतेचा ठेवा.

प्रत्येक किलो पदार्थात किती उष्णता जमा आहे, त्या आकड्याला इथे एन्थाल्पी म्हणू. शून्य अंशांच्या बर्फाची एन्थाल्पी शून्य धरली, तर आकडा शून्याच्या खाली असेल तेव्हा तो बर्फ, तापमान काढायला २.१ ने भागा. आकडा ० ते ३३४ च्या मध्ये असेल तर तापमान शून्य, आणि त्याला ३३४ ने भागलं की किती भाग वितळला ते मिळालं. ३३४ च्या वर गेला तर पाणी; ३३४ वजा करा, ४.२ ने भागा. बास.

एन्थाल्पी कधी अडकत नाही, उडी मारत नाही. उष्णता आली की ती वाढते, सरळ रेषेत. वीस ओळींच्या त्याच प्रोग्रॅममध्ये एवढा बदल केला, टाइम स्टेप तीच १० मिनिटांची ठेवली, आणि उत्तर आलं ३० तास ३० मिनिटं. कागदावरच्या उत्तरापेक्षा १० मिनिटं जास्त, तीही शेवटचं पाऊल पूर्ण टाकावं लागलं म्हणून.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली पद्धत आहे, ते मॅन्युअलमध्ये सापडतं, पण शोधावं लागतं. अ‍ॅन्सिस मेकॅनिकलमध्ये पदार्थाच्या गुणधर्मात उष्माधारकतेऐवजी थेट एन्थाल्पीचा तक्ता देता येतो. तो पर्याय आहे हे अनेकांना माहीतच नसतं. फ्लुएंटमध्ये आणि ओपनफोममधल्या वितळण्या-गोठण्याच्या मॉडेलमध्ये किती भाग द्रव झाला याचा वेगळा हिशेब ठेवतात. कॉमसॉलमध्ये खिडकीची पद्धत आहे, तिथे खिडकीची रुंदी आणि जास्तीत जास्त टाइम स्टेप या दोन गोष्टी तुम्हीच सांभाळायच्या. एल्मर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फेज चेंजसाठी वेगवेगळे पर्याय आहेत, त्यातले काही उष्माधारकता वक्ररेषेवरून न वाचता एन्थाल्पीतल्या फरकाला तापमानातल्या फरकाने भागून काढतात. ही छोटीशी युक्ती फार कामाची आहे, कारण मधला डोंगर ओलांडून गेलात तरी त्याची उंची त्या भागाकारात येतेच.

पद्धत कोणतीही असो, एक तपासणी फुकटात होते. भिंतींमधून आत आलेली एकूण उष्णता आणि पदार्थात जमा झालेली उष्णता, दोन्हींची बेरीज वेगवेगळी काढायची आणि ताळा जुळतो का बघायचा. तापमानाचा आलेख खोटं बोलू शकतो, हा ताळा सहसा नाही. माझ्याकडे कुणाचंही पीसीएमचं मॉडेल तपासायला आलं तर मी रंगीत चित्र उघडतच नाही, आधी हा ताळा मागते.

मेण वितळतंय, पण कुठलं?

आतापर्यंत आपण सगळा बर्फ म्हणजे एकच ठिपका धरला होता. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवून बघा. कडेचं तेल पातळ होतं, मधे पांढरा गोळा तसाच. वितळण्याची रेषा बाहेरून आत सरकते, आणि जसजशी सरकते तसतसं वितळलेलं तेलच आतल्या गोळ्याचं पांघरूण होतं.

या सरकत्या सीमेच्या गणिताला स्टीफन प्रॉब्लेम म्हणतात, योझेफ स्टीफन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्याने ध्रुवीय समुद्रावर बर्फाचा थर कसा जाडावत जातो याचा अभ्यास १८८९ मध्ये मांडला होता. निष्कर्ष असा की फक्त वहनाने उष्णता जात असेल तर थराची जाडी वेळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. पहिल्या सेंटिमीटरला एक तास लागला, तर दुसऱ्याला आणखी तीन.

इथे दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा धोकादायक. टाइम स्टेपच्या चुकीने आपण पीसीएमला कमी लेखतो. सगळा पदार्थ एकाच तापमानाला आहे असं धरलं, तर त्याला डोक्यावर घेतो.

उदाहरण देते. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरची एक प्लेट, तिच्यावर १० वॅट उष्णता टाकणारं सर्किट, आणि प्लेटच्या खाली ऑक्टाडेकेन नावाचं मेण. ते साधारण २८ अंशांना वितळतं, किलोमागे सुमारे २४० किलोज्यूल गिळतं. एका ठिपक्याचं मॉडेल म्हणेल: मेण संपेपर्यंत प्लेट २८ अंशांवर. वा! आता थर लक्षात घ्या. एक सेंटिमीटर मेण वितळलं की त्या द्रव थरातून १० वॅट पलीकडे ढकलायचे आहेत. मेणाची उष्णतावाहकता ०.१५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ लाकडाच्या पंगतीतली. भागाकार केला तर थराच्या दोन बाजूंमध्ये ६७ अंशांचा फरक लागतो. प्लेट ९५ अंशांच्या आसपास! तेही तासाभराच्या आत, आणि खाली भरपूर मेण न वितळता शिल्लक असताना. गरम बाजू वर असल्यामुळे द्रव मेण ढवळलंही जात नाही.

म्हणूनच खऱ्या उपकरणांत नुसतं मेण सहसा भरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे पंख, मधाच्या पोळ्यासारखी जाळी, किंवा ग्रॅफाइट घालून उष्णतेला वाट करून देतात. नासाच्या चंद्रावरच्या गाडीत, १९७१ च्या अपोलो १५ पासून, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी मेणाचे डबे होते: फेरी चालू असताना उष्णता मेणात साठवायची, फेरी संपली की रेडिएटरवरची धुळीची झाकणं उघडून ती अवकाशात सोडून द्यायची. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीसाठी मेणाचं मॉडेल करणाऱ्यांनी प्लेटचं वरचं उदाहरण आधी कागदावर करावं. मॉडेलने 'सेल ४० अंशांच्या वर जात नाही' असं सांगितलं आणि मधल्या थराचा अडथळा हिशेबातच नसेल, तर त्या चाळिसाला अर्थ नाही.

थर दाखवायचा तर मेश बारीक हवी. जाड मेश घेतली की एन्थाल्पी पद्धतीत एक मजेशीर खूण दिसते: तापमानाचा आलेख जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. एक खण पूर्ण वितळेपर्यंत शेजारचे थांबतात, मग सगळे एकदम थोडे वर. हा भौतिकशास्त्राचा भाग नाही, मेशचा ठसा आहे. पायऱ्या दिसल्या तर मेश निम्मी करून परत चालवा. मात्र त्या लपवण्यासाठी खिडकी रुंद करू नका. का ते वर आलंच आहे.

द्रव हलायला लागला की

गरम बाजू खाली किंवा कडेला असेल तर वितळलेला भाग फिरू लागतो, अभिसरण सुरू होतं, आणि वितळणं कितीतरी वेगाने होतं. वर जास्त, खाली कमी, अशी तिरकी सीमा तयार होते.

यावरचा गाजलेला प्रयोग गाऊ आणि विस्कांता यांचा, १९८६ चा. आयताकृती डब्यात गॅलियम हा २९.८ अंशांना वितळणारा धातू, एका बाजूने तापवलेला. गॅलियममधून आरपार दिसत नाही, म्हणून मधेच द्रव ओतून टाकून उरलेल्या घन भागाचा आकार बघायचा. १९८८ मध्ये ब्रेंट, व्होलर आणि रीड यांनी त्याचं सिम्युलेशन केलं, आणि त्यांची पद्धत आज बहुतेक सगळीकडे वापरतात: घन भागाला सच्छिद्र स्पंजासारखं मानायचं, जितका घन जास्त तितका प्रवाहाला विरोध जास्त. पुढे वर्षानुवर्षं एक वाद चालला. द्रव गॅलियममध्ये एकच मोठा भोवरा असतो की अनेक छोटे? जाड मेशवर एक दिसायचा, बारीक मेशवर अनेक. २००३ साली हन्नून आणि सहकाऱ्यांनी पुरेशी बारीक मेश घेऊन दाखवलं की त्या मॉडेलच्या समीकरणांचं खरं उत्तर अनेक भोवऱ्यांचं आहे. म्हणजे एक भोवरा असलेलं सिम्युलेशन प्रयोगाशी बरं जुळत होतं, ते निदान काही अंशी योगायोगाने. प्रयोगाशी जुळलं म्हणजे बरोबर, असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

त्या स्पंजाच्या विरोधासाठी एक स्थिरांक द्यावा लागतो, मशी झोन कॉन्स्टंट. फ्लुएंटमध्ये तो आपोआप १ लाख असतो. अनेक जण त्याला हातही लावत नाहीत, पण तो बदलला की पूर्ण वितळण्याचा वेळ बदलतो. तो दहा पट कमी-जास्त करून उत्तर किती हलतं ते बघितल्याशिवाय अभिसरणाच्या निकालावर विश्वास ठेवू नये. शिवाय हे मॉडेल घन गोळ्याला जागच्या जागी धरून ठेवतं. खोबरेलाच्या बाटलीतला गोळा सुटून तळाशी बसतो, बर्फ वर तरंगतो. मॉडेलमधला गोळा मात्र हवेत लटकवल्यासारखा मधेच राहतो. भांड्याला चिकटून वितळणारा गोळा किती भराभर वितळतो, हे तिथे येत नाही.

आणि लसीच्या डब्यासाठी एक खास अडचण. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते, दहावीच्या पुस्तकातलं 'पाण्याचे असंगत आचरण'. सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे 'तापलं की हलकं' असा एकच प्रसरणांक देतात. शून्य ते चार अंशांमध्ये पाणी नेमकं उलटं वागतं: तापलं की जड. पॅकमधलं पाणी बराच काळ याच टप्प्यात असतं. तिथे घनतेचा तक्ता दिला नाही तर प्रवाहाची दिशाच उलटी येते.

डेटाशीटमधला आकडा

गणित, मेश, टाइम स्टेप सगळं नीट केलं, तरी वितळण्याची खिडकी किती रुंद, हा आकडा कुठून आणायचा? बर्फासाठी प्रश्न नाही. मेणासाठी किंवा खोबरेलासारख्या मिश्रणासाठी आहे, कारण ते खरोखरच काही अंशांच्या पट्ट्यात वितळतात. तो पट्टा सहसा डीएससी यंत्रावर मोजतात, त्यात काही मिलिग्रॅम नमुना ठरावीक वेगाने तापवतात. मिनिटाला १० अंश अशा वेगाने मोजलं, तर यंत्राच्या आतल्या उशिरामुळेच शिखर रुंद होतं आणि वरच्या बाजूला सरकतं. तुमचं मेण तासाला दोन अंशांनी तापणार असेल, तर तो आलेख तसाच सॉफ्टवेअरमध्ये भरणं चूक आहे. पुरवठादाराला मोजण्याचा वेग विचारा. उत्तर आलं नाही, तर हळू वेगाने मोजून घ्या. महाग पडत नाही.

गोठण्याची बाजू त्याहून वाकडी. बरेच पदार्थ जिथे वितळतात तिथे गोठत नाहीत, आणखी खाली जाऊन मग अचानक गोठतात. ट्रेकिंगवाले हात शेकायची जी पिशवी वापरतात, आत चकती दाबली की गरम होणारी, त्यातल्या सोडियम अ‍ॅसिटेटचा द्रवणांक ५८ अंश आहे. पण तो द्रवरूपातच खोलीच्या तापमानापर्यंत निवांत खाली येतो आणि चकती दाबेपर्यंत वाट बघत बसतो. एन्थाल्पीचा एकच तक्ता असलेल्या सॉफ्टवेअरला हे सांगताच येत नाही, कारण तिथे एका एन्थाल्पीला एकच तापमान. काही पॅकेजमध्ये तापताना आणि थंड होताना वेगळे तक्ते देता येतात. जिथे तीही सोय नाही, तिथे गोठण्याचं सिम्युलेशन मी दोनदा चालवते, एकदा द्रवणांक आहे तसा ठेवून आणि एकदा मोजलेल्या गोठणबिंदूपर्यंत खाली आणून, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिते.